शेजारी बसणारी माणसं

मे महिन्यातला रविवार. सकाळचे साडेसात वाजलेत आणि नगरची हवा आताच तापायला लागली आहे. चर्चच्या दगडी भिंतीला हात लावला, तर कालच्या उन्हाची ऊब अजून लागते. फाटकाशी कडुनिंबाचं मोठं झाड आहे. त्याच्या सावलीत स्कूटर, सायकली, एक रिक्षा. पहिली घंटा होऊन गेली आहे. दुसरी व्हायची आहे.

माणसं येऊ लागतात. नऊवारीतल्या एक आजी, त्यांच्या कमरेइतका नातू. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले निवृत्त पोस्टमास्तर. मोगऱ्याचा गजरा माळलेली नवी सून. "जय ख्रिस्त, काका." "जय ख्रिस्त, जय ख्रिस्त. गुडघा कसा आहे आता?" असंच सगळं चाललेलं. कोणाच्या मुलाचा निकाल, कोणाच्या गावाकडचा पाऊस, आज टँकर येणार की नाही.

दाराशी एक लाकडी टेबल आहे. टेबलावर वही, दोरीने बांधलेलं पेन, 'ज्ञानोदय'चे दोन-तीन अंक. टेबलामागे एक बाई बसल्यात. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. वहीकडे त्यांचं लक्ष कमी, येणाऱ्यांच्या पायांकडे जास्त. मी त्यांच्या शेजारी उभा राहतो आणि थोड्या वेळाने माझ्याही लक्षात येतं. नेहमीची माणसं चपला काढून सरळ आत जातात. नवीन माणूस दाराशी थबकतो. चपला कुठे काढायच्या, बायका कुठे बसतात, पुरुष कुठे, डोक्यावर काही घ्यायचं का, हे तो दुसऱ्यांकडे बघून ठरवत असतो.

एक तरुण असाच थबकला आहे. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावर धाग्याने विणलेलं चिन्ह. एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेला दिसतो, डोळे लाल आहेत.

"या दादा. पहिल्यांदाच येताय?"

तो मान हलवतो.

"चहा घेतलात का? नाही? मग आधी चहा घ्या, घंटेला वेळ आहे अजून."

बाई त्याचं नाव विचारतात, कुठे राहतो ते विचारतात, गावी कोण असतं ते विचारतात. आडनाव विचारत नाहीत. वहीतही आडनावाचा रकाना नाही. आपल्याकडे आडनाव कळलं की पुढचं बरंच काही कळतं, आणि इथे ते कळण्याची गरज नाही.

मग त्या आत बघून नुसती मान वळवतात. खिडकीजवळ बसलेले एक काका उठून येतात. तरुणाच्या खांद्यावर हात ठेवतात. "चला, माझ्याजवळ बसा. पंख्याखाली जागा आहे."

दुसरी घंटा होते.

आत बाकांच्या दोन रांगा. उंच छतापासून लांब दांड्यांवर लोंबणारे पंखे. ते फिरतात, पण वारा खालपर्यंत पोचेतो गरम होतो. बायकांच्या बाजूला हातपंखे, रुमाल, घडी घातलेली वर्तमानपत्रं हलताहेत. तिसऱ्या बाकावर जागा अपुरी आहे. काका पुढे वाकून म्हणतात, "थोडं सरका." पाच जण सरकतात. सहावा बसतो.

पेटीचा सूर लागतो. तबलजी हातोडीने तबला ठोकून बघतो. 'उपासना संगीत'ची पानं सगळीकडे एकदम उलटतात. तरुणाच्या हातातही पुस्तक आहे, पण गीताचा क्रमांक शोधेपर्यंत पहिलं कडवं संपतं. काकांचं जाड बोट त्याच्या पानावर येतं आणि ओळीखालून सरकू लागतं. तो ओठ हलवत वाचतो. दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज थोडा फुटतो. चाल अभंगाची आहे. ती त्याच्या कानात आधीपासून आहे.

हे गीत नारायण वामन टिळकांचं. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अनेक वर्षं याच नगरमध्ये काढली. ओवी, अभंग, भजन हे सगळं त्यांनी मंडळीत आणलं. त्याच्याही आधी नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. म्हणून गावाकडून आलेला माणूस इथे पहिल्या दिवशी प्रवचनात हरवला, तरी गाण्यात हरवत नाही.

उपासना पुढे जाते. उभं राहायचं, बसायचं, पुन्हा उभं राहायचं. नवीन माणूस प्रत्येक वेळी अर्धा क्षण मागे आहे. काका उठताना त्याच्या कोपराला हलकेच हात लावतात. प्रेषितांचा विश्वासांगीकार सुरू होतो. सगळी मंडळी एका दमात म्हणते. पुढच्या बाकावरचा शाळकरी मुलगा पाठ म्हणतोय आणि म्हणता म्हणता खिडकीतल्या खारीकडे बघतोय. तरुणाला एकही ओळ येत नाही, पण तो प्रत्येक शब्द ऐकतोय. मी दोघांकडेही बघतो. या मंडळीला दोघांनाही सोबत करायची आहे.

पाळकसाहेब आज प्रेषितांच्या कृत्यांतला १८वा अध्याय घेतात. अपुल्लो नावाचा विद्वान माणूस. बोलण्यात पटाईत, मनाने तळमळीचा, पण त्याला मार्गाची अर्धीच ओळख आहे. सभास्थानात तो बोलतो आणि अक्विला व प्रिस्किल्ला हे जोडपं ते ऐकतं. दोघंही तंबू शिवणारी, हातावर पोट असलेली माणसं. ती त्याला चारचौघांत टोकत नाहीत. त्याला जवळ घेतात आणि मार्ग नीट समजावून सांगतात.

पाळकसाहेब घाम पुसतात. मग हळू आवाजात विचारतात, "आपल्यापैकी किती जणांनी गेल्या वर्षभरात एका तरी नव्या माणसाला घरी जेवायला नेलं?"

हात वर करायला ते सांगत नाहीत. प्रश्न तसाच ठेवून पुढच्या वचनाकडे वळतात. बाकांवरचे हातपंखे क्षणभर थांबलेले असतात.

उपासना सुटते तेव्हा साडेनऊ होत आलेत. अंगणात ऊन पसरलंय. बहुतेक माणसं सावलीच्या तुकड्यांत उभी राहतात. मी काकांच्या आणि त्या तरुणाच्या मागून चर्चच्या मागच्या खोलीकडे जातो.

ही खोली लहान आहे. एके काळी इथे शाळेचे वर्ग भरत असावेत, भिंतीवर काळा फळा अजून आहे. जमिनीवर सतरंजी. एका कोपऱ्यात माठ, त्यावर पेला. खिडकीला ओली चादर टांगली आहे, तेवढाच गारवा. नव्यांचा वर्ग इथे भरतो.

दहा-बारा जण बसलेत. ते सगळेच नवीन नाहीत, आणि मला इथलं हेच विशेष वाटतं. रात्रपाळीचा तरुण आहे. धुणीभांडी करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांना वाचता येत नाही. ख्रिस्ती घरात लग्न होऊन आलेली एक मुलगी आहे. पण त्यांच्याबरोबर पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थही आहेत. त्यांच्या आजोबांचं नाव चर्चच्या भिंतीवरच्या फरशीत कोरलंय. ते मला सांगतात, "बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, दृढीकरण पंधराव्या वर्षी झालं. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही, आणि मीही कोणाला काही विचारलं नाही."

वर्ग एक निवृत्त गुरुजी घेतात. त्यांच्या हातात मार्कचं शुभवर्तमान. चारही शुभवर्तमानांत हे सगळ्यात छोटं, १६ अध्यायांचं. आठवड्याला एक अध्याय. पावसाळ्याच्या तोंडाशी सुरुवात केली, तर गणपती-दसरा होईतो पूर्ण होतं. गुरुजी वाचत नाहीत, वाचायला लावतात. एकेकाने चार वचनं. सूनबाई वाचते, मग कंपनीतला तरुण, मग आजोबांचं नाव भिंतीवर असलेले गृहस्थ. ताईंची पाळी येते, तेव्हा गुरुजी मोबाइल पुढे करतात. त्यात शास्त्र वाचून दाखवणारा आवाज आहे. सगळे ऐकतात. ताई ऐकून झाल्यावर स्वतःच्या शब्दांत सांगतात, आणि त्यांच्याइतकं नेमकं कोणालाच सांगता येत नाही.

आज तिसरा अध्याय आहे. येशू डोंगरावर जातो आणि बारा जणांना नेमतो. गुरुजी एकाच गोष्टीवर थांबतात. त्याने त्यांना कशासाठी नेमलं? फळ्यावर ते दोनच ओळी लिहितात. आधी, त्याच्या सोबत असावं म्हणून. नंतर, त्याने त्यांना पाठवावं म्हणून.

"क्रम बघा," गुरुजी म्हणतात. "आधी सोबत. काम पुढचं."

तरुण विचारतो, "मग त्यांना सगळं लगेच कळलं का?"

"नाही हो. अजून पाच आठवडे थांबा. आठव्या अध्यायात येशू त्यांना विचारतो, तुम्हाला अजूनही समजत नाही का. चौदाव्यात तर सगळे पळून जातात."

खोलीत हायसं वाटल्यासारखा आवाज होतो. कोणीतरी माठातलं पाणी घेतं.

प्रत्येकाजवळ एक शंभर पानी वही आहे. तिच्यात दर आठवड्याला तीन गोष्टी लिहायच्या. काय वाचलं. काय समजलं. या आठवड्यात काय करणार. ताईंची वही त्यांची सातवीतली मुलगी लिहिते, आईने सांगायचं आणि तिने लिहायचं. तिसरा रकाना सगळ्यांनाच अवघड जातो. गुरुजी तिथे मोठं काही लिहू देत नाहीत. 'सगळ्यांवर प्रेम करीन' असं कोणी लिहिलं, की ते विचारतात, "म्हणजे कोणावर? नाव लिहा." एकाच्या वहीत मी वाचतो, 'धाकट्या भावाला फोन करणार.' दुसऱ्याच्या वहीत, 'उधारीचे पैसे परत देईन, निम्मे तरी.' तिसऱ्याच्या वहीत फक्त 'दारू' असं लिहिलंय आणि त्यापुढे जागा सोडली आहे.

गुरुजी ती जागा बघतात. "ठीक आहे. संध्याकाळी घरी येतो," एवढंच म्हणतात.

बाप्तिस्म्याची घाई इथे कोणी करत नाही. घरच्यांशी बोललात का, असं पाळकसाहेब आधी विचारतात. स्वतःहून, समजून-उमजून आणि उघडपणे यायचं, लपूनछपून नाही. गुरुजी लक्ष्मीबाई टिळकांचा दाखला देतात. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्या धक्क्याने घर मोडलं, दोघं वेगळी राहिली. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. त्यांनी आपल्या मनाने, आपल्या चालीने तो पल्ला गाठला, आणि 'स्मृतिचित्रे'त तो प्रवास लिहूनही ठेवला. सूनबाई ते पुस्तक वाचायला मागते. गुरुजी पिशवीतून काढून देतात. बरोबर आणलेलंच असतं.

बाहेरून मुलांचा गलका ऐकू येतो. सुट्टीतली बायबल शाळा सुरू आहे. सगळे तिला व्हीबीएस म्हणतात. अंगणात मंडपाचं कापड ताणलंय, त्याखाली पन्नासेक मुलं. कागदी मुकुट, रंगाचे डाग, सरबताचे पेले. एका बाजूला कॉलेजातली पाच-सहा मुलंमुली गाण्याच्या हालचाली शिकवताहेत. ही मोठी मुलं दृढीकरणाच्या वर्गातली. बिशप यायच्या आधी त्यांना प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, विश्वासांगीकार नीट आलं पाहिजे. ते तर येतंच. पण पाळकसाहेबांनी त्यांना आणखी एक काम लावलंय, प्रत्येकाने तीन लहान मुलांना शिकवायचं. एक मुलगी घामाने चिंब झाली आहे. ती मला म्हणते, "मला दहा आज्ञा पाठ होत्या. पण चोरी का करायची नाही, हे सहा वर्षांच्या पोराला सांगायला गेले, तेव्हा मला पहिल्यांदा विचार करावा लागला."

साडेअकरा. ऊन आता डोक्यावर आलंय. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रीतिभोजन. चर्चच्या मागे चुलाणावर दोन मोठी पातेली. भात, आमटी, वांग्याबटाट्याची भाजी, मिरचीचा ठेचा. महिला मंडळाच्या बायका पहाटेपासून इथे आहेत. त्यांच्या पदरांना फोडणीचा वास. रांग कडुनिंबाच्या सावलीतून निघते, उन्हात वळते आणि पुन्हा मंडपाच्या सावलीत शिरते. उन्हातला तुकडा सगळे झटपट ओलांडतात, पाय भाजतात. हातात स्टीलची ताटं, ती डोक्यावर धरून काहींनी सावली केली आहे.

रांगेत कमिटीचे सेक्रेटरी आहेत, डॉक्टर आहेत, धुणीभांडी करणाऱ्या ताई आहेत, झाडूकामगार आहेत. पुढे-मागे कोण, याला क्रम नाही. पंगत एकच बसते. पंगतीत कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसतं, यावर या मातीत किती आयुष्यं मोडली, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून मला हा भात महत्त्वाचा वाटतो. वर्गात फळ्यावर लिहिलेलं इथे ताटात उतरतं.

तरीही पंगतीत एक गोष्ट दिसते. जुनी घराणी आपसूक एकत्र बसतात. त्यात वाईट हेतू नसतो. वर्षानुवर्षांची सवय असते. कोपऱ्यात नवीन जोडपं एकटंच जेवत असतं. दाराशी बसणाऱ्या बाई ताट घेऊन उठतात, आपल्या बहिणीजवळची जागा सोडतात आणि त्या जोडप्यासमोर जाऊन बसतात. जाताना बहिणीलाही खूण करतात. थोड्या वेळात तिथे सात जण झालेले असतात.

मी बाईंना विचारतो, येणारे टिकतात का?

त्या भात कालवत उत्तर देतात. "आनंदाने येतात. नाताळात येतात, कोणी आजारी असलं की येतात. पण दोन-तीन महिन्यांत ज्याची कोणाशी मैत्री होत नाही, तो दिसेनासा होतो. तो कधी गेला, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून ती वही. वहीत नाव असलेला माणूस दोन रविवार दिसला नाही, तर तिसऱ्या रविवारची वाट बघायची नाही. त्याच्या घरी जायचं."

दुपारी चारनंतर मी काकांबरोबर निघतो. रात्रपाळीचा तरुणही आहे. तो तासभर खोलीतच सतरंजीवर झोपला होता. आता तोंड धुऊन ताजा झालाय. काकांच्या पिशवीत 'पवित्र शास्त्र', चार केळी आणि औषधांची पुडी. डांबर मऊ झालंय, चपला चिकटतात. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येतो. काका थांबून तिघांना रस घेतात.

पहिलं घर एका आजोबांचं. ते दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत. खोलीत टेबलफॅन, भिंतीवर जुनं कॅलेंडर, खाटेखाली पिकदाणी. काका आजोबांना उठवून बसवतात, उशी पाठीशी देतात. तरुण बाजूला अवघडून उभा आहे. काका त्याला म्हणतात, "तो तांब्या द्या." मग, "यांचे पाय चेपता का जरा?" तो चेपतो. आजोबा डोळे मिटून विचारतात, "कोण रे तू? हात चांगला आहे तुझा." एक स्तोत्र वाचलं जातं, छोटंसं. प्रार्थना होते. केळी टेबलावर राहतात. प्रभुभोजन घेऊन पाळकसाहेब गुरुवारी येतील, असं काका दोनदा सांगतात. आजोबांना कमी ऐकू येतं.

रस्त्यात तरुण विचारतो, "मला का नेता बरोबर? मला तर अजून काहीच येत नाही."

काका म्हणतात, "मलाही असंच नेलं होतं. पाय चेपता येतात ना? तिथून सुरुवात."

मग चालता चालता ते पौलाची गोष्ट सांगतात. दिमिष्काच्या वाटेवर त्याला दर्शन झालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यानंतर त्याच्या दारात हनन्या गेला, मनात भीती असताना गेला, हे कोणी सांगत नाही. यरुशलेमेत शिष्य त्याला जवळ करत नव्हते, तेव्हा बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेलं. पुढे अंत्युखियात तोच बर्णबा आणि तोच पौल वर्षभर मंडळीबरोबर राहून शिकवत होते. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा त्याच अंत्युखियात मिळालं. "हनन्या आणि बर्णबा नसते, तर पौल कुठे असता?" काका विचारतात. उत्तराची वाट न बघता रस्ता ओलांडतात.

दुसरं घर वहीतलं. दोन रविवार न आलेलं. पत्र्याची खोली, आत भट्टीसारखी धग. बाई दार उघडते, ओशाळते. नवऱ्याचं काम सुटलंय. मुलाला ताप होता. अर्पणाला पैसे नाहीत म्हणून यायची लाज वाटली, असं ती शेवटी सांगते. काका तिला म्हणतात, "ताई, थैली पुढे आली की नुसती पुढे सरकवा. आम्हाला तुम्ही पाहिजे आहात." मग नवऱ्याला काय काम येतं ते विचारून घेतात. वेल्डिंग. तरुण लगेच बोलतो, "आमच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टर विचारत होता. मी उद्या बघतो." दिवसभरात पहिल्यांदा तो कोणी न सांगता बोललाय.

दिवेलागणीला आम्ही घरसभेला पोचतो. एमआयडीसीजवळच्या वस्तीत एक दोनखणी घर. आत उकाडा, म्हणून सगळे गच्चीवर. गच्चीची फरशी अजून गरम. तीवर पाणी मारून सतरंज्या टाकल्यात. आजूबाजूच्या घरांतून टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, एक भजनाचा लाउडस्पीकर. वीज जाते. मोबाइलचे दिवे लागतात. पेटी नाही, तबला नाही. टाळ आहेत आणि टाळ्या आहेत.

पंधरा-वीस माणसं. गाणं होतं, मग वाचन. इथे पंडिता रमाबाईंचा उल्लेख येतो. कारण घरातल्या आजींकडे त्यांनी केलेल्या मराठी भाषांतराची जुनी प्रत आहे. केडगावला बसून रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं. सामान्य बायकांना कळावं म्हणून. १९२२ साली मृत्यूच्या आधी त्यांनी ते काम पुरं केलं. आजी म्हणतात, "माझ्या आईला शाळा नव्हती. तिला हे कळायचं."

मग साक्षी. एक रिक्षावाले दादा सांगतात, गिऱ्हाइकाची पर्स परत केली. सकाळच्या वर्गातले, आजोबांचं नाव भिंतीवर असलेले गृहस्थ घसा खाकरतात. धाकट्या भावाला फोन लावला, असं सांगतात. जमिनीच्या वादानंतर नऊ वर्षांनी. भावाने उचलला. बोलणं फार झालं नाही, पण उचलला.

तरुण सांगतो की कामावर त्याच्या पाळीत त्याच्यासारखा कोणीच नाही. त्याला एकटं वाटतं. गुरुजी म्हणतात, ते खरंच आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सव्वाअकरा कोटी माणसं मोजली, त्यांत ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार. शंभरात एकही भरत नाही. आणि त्यांतले पुष्कळ मुंबई, ठाणे, वसईकडे. "म्हणून तर रविवार ते रविवार थांबून भागत नाही," गुरुजी म्हणतात. "बुधवारी फोन केला पाहिजे. पाळी सुटताना फाटकावर कोणीतरी भेटलं पाहिजे." रिक्षावाले दादा लगेच विचारतात, "पाळी कितीला सुटते तुमची?"

शेवटी गोल करून प्रार्थना. प्रत्येकाने एकेक वाक्य, ज्याला नको त्याने शेजाऱ्याचा हात दाबून पुढे जायचं. जुने सभासद लांबलचक, सुंदर शब्दांत बोलतात. ताईंची पाळी येते. त्या मुलीच्या शिक्षणासाठी मागतात आणि ज्या घरी काम करतात त्या मालकिणीच्या दुखण्यासाठीही. मग तरुणाची पाळी. तो हात दाबत नाही. थोडं थांबतो आणि दुपारच्या त्या आजोबांसाठी दोन वाक्यं बोलतो. मोडकी, बोलीतली, कुठल्याही पुस्तकात नसलेली. सगळे 'आमेन' म्हणतात.

वीज येते. चहा येतो. उद्याच्या पाळीचं, टँकरचं, वेल्डिंगच्या कामाचं बोलणं सुरू होतं.

टिळकांनी १९१७ साली, आयुष्याच्या अखेरीला, 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे एकत्र बसावेत, ही त्यांची तळमळ होती. दोन वर्षांनी ते गेले. त्यांची गाणी आपण जपली. ही तळमळही जपण्यासारखी आहे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. एक वही लागते, एक सतरंजी लागते, आणि दुसऱ्याच्या शेजारी पुष्कळ वेळ बसायची तयारी असलेली चार माणसं लागतात.

प्रवचनं आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि ती हवीतच. पण शिष्य वाढतो तो कोणीतरी सोबत चालल्यामुळे, हे मी या एका रविवारच्या उन्हात फिरताना पुन्हा पुन्हा बघतो. पिढीजात सभासदालाही हे तितकंच लागू आहे. त्यालाही कोणीतरी विचारायला हवं असतं, आणि बहुतेकदा तो त्या प्रश्नाची वाटच बघत असतो.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं. तुमच्या मंडळीत येत्या रविवारी कोणी अनोळखी चेहरा दिसला, तर त्याचं नाव विचारा आणि ते लिहून ठेवा. त्याला जेवायला बोलवा. कोणाला भेटायला जाल, तेव्हा त्यालाही बरोबर न्या. आणि तो दोन रविवार आला नाही, तर तिसऱ्याची वाट बघू नका. त्याच्या घरी जा.